शुभेच्छुकांच्या यादीतलं एक नाव

घरी कुणी पाहुणा आला आणि त्यानं "वहिनी काय काम करायच्या?" असं विचारलं, की आमचे हे घसा खाकरून म्हणतात, "कॉम्प्युटरचं बघायची." बस्स. जसं काही मी तीस वर्षं रोज सकाळी कॉम्प्युटर पुसून ठेवत होते! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं काम ह्यांना कळलेलं नाही, आणि दरवेळी सांगत बसायचा मला कंटाळा आहे. आता दिवाळी अंकानं पानं देऊ केलीच आहेत, तर एकदाचं छापून टाकते.

मी साताऱ्यात वेबसाइट बनवायची. सुरुवातीला टायपिंगचा क्लास होता. मग टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, आणि दुकानदार "आमचं पण काहीतरी इंटरनेटवर टाका की" म्हणत यायला लागले. शेवटची दहा-बारा वर्षं मात्र माझं मुख्य काम निराळंच झालं. इंटरनेटच्या शोधातून हाकलून दिलेल्या वेबसाइट परत आत घेणं. मी त्याला वाळीत पडलेल्याला पंगतीत बसवणं म्हणायची.

समजा तुम्ही परगावाहून आलात, एसटी स्टँडवर उतरलात आणि चांगला शिंपी कुठं आहे असं विचारलंत. पानवाल्यानं, रिक्षावाल्यानं आणि चहावाल्यानं एकच नाव सांगितलं, तर तुम्ही त्याच शिंप्याकडे जाल. शोधाचं यंत्र तेच करतं. एका वेबसाइटवर दुसरीचं नाव असतं, त्या नावावर बोट दाबलं की दुसरी उघडते, त्याला लिंक म्हणतात. जिच्याकडे पुष्कळ जण असं बोट दाखवतात, ती शोधात वर येते. पण नंतर कळलं की पानवाला शिंप्याचा मेहुणा, रिक्षावाला चुलतभाऊ आणि चहावाला साडू आहे, तर तुम्हाला काय वाटेल? शोधवाल्या कंपनीलाही तेच वाटतं. आम्ही आपसात त्यांना 'सर्चवाले' म्हणायचो. त्यांना असला संशय आला की ते तुमचं नाव यादीतून काढतात. वेबसाइट जागेवर असते, पत्ता टाकला तर उघडते, पण शोधून कुणाला सापडत नाही.

मग चूक निस्तरायची आणि फेरविचाराचा अर्ज करायचा. त्यात तीन गोष्टी खऱ्याखऱ्या लिहायच्या. काय चुकलं, काय दुरुस्त केलं, पुन्हा काय करणार नाही. हा अर्ज यंत्र नव्हे, कुठंतरी बसलेला माणूस वाचतो म्हणतात. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही. पण इतके अर्ज लिहिले की तो मला सासरच्या एखाद्या लांबच्या दिरासारखा वाटायला लागला होता, ज्याच्याशी मान खाली घालूनच बोलावं लागतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पाचगणीच्या एका लॉजवाल्यानं पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत 'स्वस्त लॉज पाचगणी' शेकडो वेळा लिहून ठेवलं होतं. माणसाला दिसू नये आणि यंत्रानं वाचावं, अशी आयडिया. पकडला गेल्यावर मलाच म्हणतो, "पण म्याडम, दिसतच न्हाई तर गुन्हा कसला?" फलटणच्या एका क्लासवाल्या सरांनी कुणाकडून तरी घाऊक लिंका घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्या परदेशातल्या, मासे धरायचे गळ विकणाऱ्यांच्या. मी म्हटलं, "सर, तुम्ही दहावीचं गणित शिकवता. गळ विकणारा माणूस तुमची शिफारस कशाला करेल?" तर सर शांतपणे म्हणाले, "आंतरराष्ट्रीय ख्याती." असल्या लोकांना मी आधी मनसोक्त झापायची आणि मग काम करायची.

इस्माईलभाई नदाफांना झापायची सोय नव्हती. त्यांच्या बाबतीत चूक माझी होती.

इस्माईलभाईंचं साताऱ्यात गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचा, गादी भरायची, दाभणानं टाके घालायचे, हे घराण्यात चालत आलेलं काम. फोमच्या गाद्या आल्या तशी गिऱ्हाइकी आटली. तेव्हा त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांसाठी कापसाची तीन तुकड्यांची गादी काढली. मधला तुकडा निराळा काढून धुता येतो, वाळवता येतो, आणि पाठीला जखमा होत नाहीत. ही गादी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या वडिलांसाठी शिवली होती. अब्बा तीन वर्षं झोपून होते आणि पाठीवर एक ओरखडा नव्हता, हे इस्माईलभाई फार अभिमानानं सांगायचे. मी वेबसाइट करून दिल्यावर पुण्या-नाशकाहून फोन यायला लागले. घरात कुणीतरी पडून आहे, मुलगी किंवा सून रडकुंडीला येऊन फोनवर शोधते आहे, आणि तिला इस्माईलभाई सापडतायत. फोनवर ते गादीचं माप नंतर विचारायचे. आधी "पेशंट जेवतोय का बरं?" असं विचारायचे.

आता माझी चूक. आपल्याकडे फ्लेक्स लावायचा तर खाली शुभेच्छुकांची नावं लागतात. लग्नपत्रिकेत आपले विनीत, व्यवस्थापक, समस्त भावकी, मित्रमंडळ, सगळं लागतं. एक नाव राहिलं तर पुढची पाच वर्षं तो माणूस मान वळवून जातो. वेबसाइट झाल्यावर इस्माईलभाई म्हणाले, "म्याडम, खाली शुभेच्छुक टाका की. मोकळं मोकळं दिसतंय." टाकले. त्यातल्या ज्यांच्या वेबसाइट होत्या, त्यांच्या लिंका दिल्या. बहुतेक मीच केलेल्या होत्या, ऊसरोपांची नर्सरी, वीटभट्टी, दातांचा दवाखाना, मोटार ड्रायव्हिंग स्कूल. मग त्यांनीही म्हटलं, इस्माईलभाईंनी आमचं नाव टाकलंय, आमच्यावर त्यांचं नको का? तेही टाकलं. असं करत इस्माईलभाईंची आणि आणखी चाळीस वेबसाइट एकमेकींना शुभेच्छा देत बसल्या. मी शिकलेली बाई, मला कळायला हवं होतं. पण सगळे खूश होते आणि मलाही नाही म्हणवेना.

आणि इस्माईलभाईंवर सगळ्या पंचक्रोशीचा जीव, त्यामुळे सगळ्यात जास्त लिंका त्यांच्याकडे. एक दिवस सर्चवाल्यांची नोटीस आली, ह्या वेबसाइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत. आठवड्याभरात दुकानातला फोन मुका झाला.

मी जाऊन त्यांना समजावलं. ते दाभण हातात तसंच धरून ऐकत होते. म्हणाले, "आवं म्याडम, आमी कुणाला शिव्या दिल्या न्हाईत. शुभेच्छा दिल्या. त्याला बी बंदी हाय का?"

"बंदी नाही. पण सगळ्यांची नावं काढावी लागतील. तुमच्याकडची त्यांची आणि त्यांच्याकडची तुमची."

"मग फोनवर सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "माणसाचं नाव काढायचं तर त्याच्या दारात जाऊन काढावं."

झालं. पत्रिका वाटायला जावं तसे आम्ही दोघं आणि त्यांचा टेम्पो, मेढ्यापासून पाटणपर्यंत फिरलो. प्रत्येकासाठी इस्माईलभाईंनी सावरीच्या कापसाची एकेक उशी शिवून घेतली होती. नाव काढतोय, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? पाटणच्या वीटभट्टीवाल्या आबांनी उशी हातात घेतली, चहा सांगितला, आणि माझं सगळं भाषण ऐकून घेतल्यावर डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "पर इस्माईलभाई, आमचं चुकलं काय?" इस्माईलभाईंनी त्यांना मिठी मारली. त्या दिवशी मी अकरा कप चहा प्यायले.

एकोणचाळीस नावं निघाली. चाळिसावं राहिलं. दस्तगीर नदाफ, गादी कारखाना, सांगली.

"ते ऱ्हाऊ द्या," इस्माईलभाई म्हणाले.

दस्तगीर हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. अब्बांनीच त्याला सांगलीला दुकान काढून दिलं होतं. ज्या पावसाळ्यात सांगलीत पाणी शिरलं, त्या पावसाळ्यात एका पहाटे इकडे साताऱ्यात अब्बा वारले. दस्तगीर तिकडे गच्चीवर अडकलेला. रस्ते बंद, फोन मधूनच लागायचा. "मी येतोय, थांबा," एवढं एकदा ऐकू आलं. मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. जमलेली माणसं सांगायला लागली, आणि इस्माईलभाईंनी असरच्या नमाजनंतर, म्हणजे दुपार कलल्यावर, अब्बांना मिट्टी दिली. दस्तगीर पोहोचला तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. तो घरात आला नाही. दारातूनच म्हणाला, "माझ्यासाठी थांबला न्हाईस," आणि परत गेला. चार वर्षं झाली. ईदला फोन नाही, लग्नकार्याला येणं नाही. दोघांच्या वेबसाइटवर मात्र दोघांची नावं राहिली होती. मीच टाकलेली, भांडणाच्या आधी. ती काढा असं मला दोघांपैकी एकानंही कधी सांगितलं नाही.

मी ते नाव राहू दिलं आणि अर्ज पाठवला. अर्ज नामंजूर झाला. नामंजूर करताना सर्चवाले नमुन्यादाखल एखादी राहिलेली लिंक दाखवतात. त्यांनी दाखवली ती हीच.

म्हणजे आता गोष्ट सरळ होती. वेबसाइट परत आणायची तर दस्तगीरचं नाव जायला हवं होतं, आणि दोघा भावांत तेवढंच उरलं होतं. मी इस्माईलभाईंना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "दुकान बंद झालं तरी चालंल."

इथं माझा स्वभाव आडवा आला. मला हट्टी माणसांचा राग येतो, कारण मी स्वतः तशीच आहे. मनात म्हटलं, एवढा शहाणा कारागीर, आजारी माणसांना त्याची गरज आहे, आणि हा एका नावासाठी अडून बसलाय. दोन्ही वेबसाइटच्या चाव्या माझ्याकडेच होत्या. एका दुपारी जेवण झाल्यावर बसले आणि कुणालाही न विचारता दोन्हीकडची नावं काढून टाकली. दोन मिनिटांचं काम. वर स्वतःच्या पाठीवर शाबासकी दिली. नवा अर्ज दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदा चिरत होते, तर फोन वाजला. नंबर अनोळखी.

"म्याडम, मी दस्तगीर बोलतोय, सांगलीवरनं. वेबसाइटच्या खाली तुमचा नंबर हाय म्हणून केला. भाई बरा हाय न्हवं?"

"बरे आहेत की. का हो?"

"बरा हाय न्हवं? तुमी बघितला का त्याला? कवा?"

"परवाच भेटले. काय झालं?"

तो म्हणाला, "न्हाई, दुकान उघडलं की मी आधी भाईचं पान उघडतो. खाली माझं नाव बघतो, मग कामाला लागतो. आज नाव न्हाई. मला वाटलं, भाईचं काय तरी झालं, आणि पोराबाळांनी नाव काढलं. भाई असताना माझं नाव निघायचं न्हाई."

मी सुरी खाली ठेवली. चार वर्षं हा माणूस रोज सकाळी भावाच्या पानावर आपलं नाव बघत होता. आणि मी ते जेवल्यावर सुपारी चघळत काढून टाकलं होतं.

"दस्तगीरभाई, नाव मी काढलं," मी म्हटलं. "भावानं नाही. ते नाहीच म्हणत होते. दुकान बंद झालं तरी चालेल म्हणाले."

"असं म्हणाला?"

"अगदी असंच."

त्यानं फोन ठेवून दिला.

मी तशीच दुकानात गेले आणि इस्माईलभाईंना सगळं सांगितलं. आधी माझा उद्योग सांगितला. त्या माणसाला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले. "म्याडम, तुमी माझ्या घरात येऊन माझ्या भावाला भाईर काढलं," ते म्हणाले. मी मान खाली घालून उभी राहिले. दुसरं काय करणार होते? मग मी फोनचं सांगितलं. रोज सकाळचं. ते गादीवर बसले आणि बराच वेळ कापसाचा एक पुंजका बोटांनी सोडवत राहिले.

"पयलं नाव परत घाला," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

घातलं. आणि घालताना मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. लिंकच्या मागं एक बारीकसा शब्द लिहिता येतो. वाचणाऱ्याला तो दिसत नाही. त्यानं यंत्राला एवढंच कळतं की ही शिफारस नव्हे, हिला धरू नकोस. माणसाला मात्र वाट मोकळी. मला हे ठाऊक होतं. पण डोक्यात 'सगळं साफ करायचं' एवढंच बसलं होतं. कुणी म्हणेल, मग बाकीचे एकोणचाळीसही असे ठेवता आले असते. आले असते. हा अंक पाटणच्या आबांच्या हाती पडू नये एवढीच माझी इच्छा आहे.

तो शब्द मी दोन्हीकडे लिहून टाकला. फक्त आता अर्जात खुलासा द्यावा लागणार होता, की ही एकच लिंक का ठेवली. मी इस्माईलभाईंना म्हटलं, "तुम्हीच सांगा, मी लिहिते. तीन गोष्टी. काय चुकलं, काय दुरुस्त केलं, पुढं काय करणार. खरं लिहायचं."

ते दाभणात दोरा ओवत सांगायला लागले.

"लिवा. दस्तगीर माझा सख्खा भाऊ. धंद्यासाठी नाव टाकलेलं न्हाई. काय चुकलं, ते लिवा. अब्बा गेले तवा मी असरपतुर थांबलो. त्यानं थांब म्हणून सांगितलं हुतं. मगरिबपतुर, दिवस बुडंपतुर तरी थांबायला पायजे हुतं. मी थांबलो न्हाई."

मी लिहायची थांबले. "इस्माईलभाई, हे त्या कंपनीला काय करायचंय?"

"तुमीच म्हणाला न्हवं, खरं लिवायचं?" ते म्हणाले. "हेच खरं हाय. पुढं लिवा. दुरुस्त काय केलं? काय न्हाई केलं. चार वर्सं झाली, माझ्याच्यानं फोन उचलवला न्हाई."

मी जसंच्या तसं लिहिलं. डोळ्यांपुढची अक्षरं दिसत नव्हती, तरी लिहिलं.

आता मी शहाणी झाले होते. लिंक दोन्हीकडची होती, म्हणून दस्तगीरचीही परवानगी हवी. घरी आल्यावर त्याला फोन लावला आणि म्हटलं, "तुमच्या नावाबद्दल अर्जात काय लिहिलंय ते वाचून दाखवते. चालत असेल तर हो म्हणा." मराठीतला मजकूर सावकाश वाचला. असरपतुर, मगरिबपतुर, सगळं.

"म्याडम," तो म्हणाला. "त्याच्या खाली माझं बी लिवा. मगरिबपतुर थांबला असता तरी मी पोचलो नसतो. मला होडी चौथ्या दिवशी मिळाली. हे मला तवाच ठावं हुतं. तरी बी मी त्याला बोललो. लिवा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पूर्ण अर्ज इस्माईलभाईंना वाचून दाखवला, शेवटच्या ओळीसकट. त्यांनी ती ओळ मला दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग म्हणाले, "पाठवा."

मी इंग्रजीत भाषांतर केलं, खाली मूळ मराठीही ठेवलं आणि पाठवून दिलं. बाकी एकोणचाळीस नावांचा हिशोबही सोबत जोडला. तो वाचणारा माणूस कुठल्या देशात बसतो, त्याला भाऊ आहे की नाही, देव जाणे. अर्ज गेल्यावर मला भीतीच वाटत होती. असला अर्ज मी आयुष्यात कधी लिहिला नव्हता, आणि कंपनीनं हसून फेकून दिला असता तर इस्माईलभाईंना तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दोनएक आठवड्यांनी उत्तर आलं. नेहमीचं छापील, दोन ओळींचं. कारवाई मागे घेतली आहे. मी लगेच शोधून पाहिलं. 'आजारी माणसासाठी कापसाची गादी' असं टाकलं, आणि इस्माईलभाई आले! पाचव्या नंबरवर का होईना, पण आले. मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "बरं झालं, कॉम्प्युटर सुरू झाला का?"

जाऊ दे. मी इस्माईलभाईंच्या दुकानात फोन लावला. सांगायचे शब्द जुळवून ठेवले होते.

फोन दस्तगीरनं उचलला.

"भाई नमाजला गेलाय, म्याडम," तो म्हणाला. "काय सांगू त्याला?"

"तुम्ही कधी आलात?" एवढंच विचारलं.

"चार दिस झालं. मोठी गादी हाय एक, दोघांनी शिवायची. काय सांगू भाईला?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला होता."